‘हसत हसत गेला’ हे मी मनाचं बोलले होते

गेल्या शनिवारी सोलापुरातल्या एका कॉलेजात कारगिलच्या युद्धात गेलेल्या एका जवानाच्या स्मरणाचा कार्यक्रम होता. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. अशी कामं मी हौसेने करते, आणि लोक ‘छान बोललात’ म्हणतात त्याची सवयही झालीय मला...

जवान मोडनिंबजवळच्या एका गावचा. घरी सगळे बाळू म्हणायचे. गेला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. पहिल्याच रांगेत त्याची म्हातारी आई बसली होती, शेजारी तिचा धाकटा मुलगा.

माझ्याकडे माहिती फारशी नव्हती. नाव, गाव, पलटण... एवढ्यावर बोलणार किती? मग ओघात मी म्हणून गेले, “शेवटच्या क्षणीही त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. सोबत्याच्या मांडीवर डोकं ठेवून तो हसत हसत गेला.” टाळ्या थांबेनात, मुलं उठून उभी राहिली, कॉलेजचा कॅमेरा चालूच होता. मलाही भरून आलं... माझ्याच बोलण्याने.

कार्यक्रमानंतर बाहेर चहा चालू होता. मुलाच्या हाताला धरून ती आई माझ्याकडे आली. कौतुक करणार असं वाटून मी पाया पडायला वाकले.

तिने माझा हात धरला. “बाई, त्यो सोबती कुटं असतो?”

“कोण सोबती, मावशी?”

“ज्याच्या मांडीवर बाळूचं डोकं हुतं, त्यो. तुमी मगाशी म्हणलात की. त्याची पेटी घरी आली, पन आमाला उघडू दिली न्हाय. लई जणांस्नी इचारलं, शेवटाला जवळ कोण हुतं... कुनालाच ठावं न्हाय. तुमाला कुनी सांगितलं?”

तिच्या मुलाने नंबर घ्यायला मोबाईल काढलासुद्धा होता. ‘शोधून कळवते’ असं अगदी ओठांवर आलं माझ्या. म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं तयारच होतं...

पण ती बोलतच होती. “त्यो हसताना तोंडावर हात ठेवायचा. दात पुढं हुते न्हवं, लाजायचा. तवा हात ठेवला हुता का, तेवडं इचारीन म्हणते त्याला.”

मग माझ्याने राहवेना. “मावशी, मला कुणीच सांगितलं नाही. मी मनाचं बोलले.”

आजूबाजूचे प्राध्यापक चहाच्या कपात बघायला लागले. मुलाने मोबाईल खिशात टाकला. तिने मात्र माझा हात सोडला नव्हता.

“व्हय का,” ती म्हणाली. “मला वाटलं, एकटा नव्हता.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

स्टँडपर्यंत सोडते म्हटलं, तर दोघं गाडीत बसली. वाटेत तिनेच सांगितलं, बाळू भरतीसाठी पहाटे कॅनॉलच्या कडेने पळायचा, पण अंधाराला लई भ्यायचा. म्हणून या धाकट्याला झोपेतून उठवून सोबत न्यायचा. “मी मागनं सायकल हाणायचो, डोळं मिटूनच,” मुलगा म्हणाला, आणि दोघंही हसली.

मी गाडी चालवत होते. हे सगळं सांगणारी बाई पहिल्या रांगेत बसली होती, आणि कार्यक्रमाआधी मी तिला पाणी हवंय का एवढंच विचारलं होतं...

उतरताना मुलगा हळूच म्हणाला, “ताई, त्यो व्हिडिओ गावात येऊ देऊ नका. आई परत परत ऐकंल.”

कॉलेजने माझ्या सांगण्यावरून तो पेजवरून काढलाय, पण तोवर बऱ्याच ग्रुपवर गेला. तुमच्याकडे आला असेल तर कृपा करून पुढे पाठवू नका. त्यातलं ते वाक्य खोटं आहे, आणि ते माझं आहे.

आणि तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी तेव्हा कारगिलला असेल, बाळूला खरंच ओळखत असेल, तर मला कळवा. जे काय झालं असेल ते, जसं झालं असेल तसं... मी स्वतः त्यांना मावशींकडे घेऊन जाईन, आणि तिथे एक शब्द बोलणार नाही.