गंधकाच्या घुगऱ्या

सेविकाबाई आमच्या गावात आल्या तेव्हा मी सासरी नुकतीच रुळत होते. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सरकारी माणूस दिसला की बायका पदर ओढून दाराआड व्हायच्या. आणि इथं तर सरकारी माणूस म्हणून चक्क एक बाईच आली. पायात चपला, खांद्याला पिशवी, आणि पारावर न थांबता सरळ आमच्या चुलीपाशी येऊन बसली. भूमच्या विकास गटाची ग्रामसेविका, पुण्याकडची. बोलणं इतकं शुद्ध की ती काय बोलते यापेक्षा कसं बोलते तेच आम्ही ऐकत बसायचो.

पण एक गोष्ट मात्र मी कान देऊन ऐकली. आमच्या ज्वारीला दरसाल काणी यायची, म्हणजे कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी. नशिबाचा भाग म्हणून आम्ही ते सोडून देत होतो. बाई म्हणाल्या, नशीब कसलं, तो रोग बियाण्यावर बसूनच रानात येतो. पेरायच्या आधी बियाण्याला गंधक चोळा, की गेला.

आता बियाणं म्हणजे आमच्या सासूबाईंचं राज्य. चांगली कणसं निवडायची त्यांनी, वाळवायची त्यांनी, राख मिसळून कणगीत भरायची त्यांनी. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांच्या परवानगीवाचून त्या कणगीला माझे सासरेसुद्धा हात लावत नसत. गंधकाचं नाव काढताच त्या म्हणाल्या, गंधक तर तेरखेड्याला फटाक्यात घालतात, आता रानात काय फटाके पेरायचे व्हय? सगळ्या बायका हसल्या. मीपण हसले, काय करणार.

माझा डोळा खरं तर दुसरीकडंच होता. बाईंनी सांगितलं होतं, उन्हाळ्यात भूमला बायकांचं शेतीचं शिबिर आहे, आठवडाभर तिथंच राहायचं, बी-बियाणं, खताचे खड्डे, भाजीपाला सगळं शिकवणार. मी माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर विहीर आणि रान यापलीकडं पाय टाकला नव्हता. ते शिबिर माझ्या डोक्यात असं बसलं की भाकरी थापताना, शेण काढताना दुसरं काही सुचेना. सासऱ्यांपुढं विषय निघाला तेव्हा त्यांनी एका वाक्यात मिटवला: आपल्या घरची सून रात्रीची बाहेर राहत नसते. आत्याबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला पायलीभर बी मापून दिलं आणि म्हणाल्या, आधी तुझं औषध रानात दिसू दे, मग बघू.

मला तेवढंच पुष्कळ होतं. शेजारच्या मुसलमान घरातल्या खाला आणि मी, दोघींनी मिळून मडक्यात बी घातलं, वर गंधकाची पूड घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि ते मडकं अंगणात गडगडवत बसलो. फडकं सैल झालं अन् शिंका देऊन देऊन खालांचं नाक लाल झालं. मग माझ्या मालकांनी तिफण धरली, मी मागून तिच्या चाड्यात बियाण्याची मूठ सोडत गेले, आणि ओढ्याकडची पट्टी तेवढी औषधाच्या बियाण्यानं पेरून काढली. उरलेलं बी घरी पाठवून दिलं आणि आम्ही बाकीच्या पेरणीला लागलो.

तिथंच घोळ झाला. आमच्याकडं पेरणी उरकली की उरलेल्या बियाण्याच्या घुगऱ्या शिजवून आळीत वाटायच्या, ही पूर्वापार रीत. पेरलेल्याचं उरलं ते फेकायचं नाही आणि परत कणगीतही टाकायचं नाही. बाईंना आमच्या घुगऱ्या ठाऊक नव्हत्या, आणि ही गोष्ट कुणाला मुद्दाम सांगायची असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आत्याबाईंनी ते बी दोन-तीन पाण्यांनी धुतलं, वास जाईना म्हणून गूळ जास्त घातला, आणि मी रानातून येईतो घरोघर वाट्या पोचल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी आमच्या आळीची काय दशा झाली ते मी सांगत नाही. एवढंच सांगते, घराघरातले तांबे त्या दिवशी जमिनीला टेकले नाहीत. जिवावर कुणाच्या बेतलं नाही, संध्याकाळपर्यंत सगळे ताकभातावर आले. पण नाव खराब झालं ते औषधाचं. बाई बिचाऱ्या धावत आल्या, तोंड पांढरंफटक, दारोदार विचारत फिरल्या. कुणी धड बोललं नाही. एकट्या खाला तेवढ्या म्हणाल्या की पोट लई दिवसांनी साफ झालं.

सासऱ्यांनी जाहीर केलं, औषध बंद आणि शिबिराचं नावही काढायचं नाही. घुगऱ्या आत्याबाईंनी शिजवल्या होत्या, त्यामुळं त्या चुलीकडं तोंड करून बसल्या. मी गोठ्यात जाऊन पोटभर रडले. इतका राग आला होता, आणि कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

पुढं ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली, दाणे भरले. बियाण्याची कणसं निवडायला आत्याबाई निघाल्या, मी टोपलं घेऊन त्यांच्या मागं. मोठ्या वावरात दरसालसारखीच काणी होती, हाताला काळं लागत होतं. ओढ्याकडच्या पट्टीत शिरलो, आणि त्या चालता चालता थांबल्या. एक कणीस तळहातावर चोळलं, मग दुसरं, मग आणखी लांब जाऊन तिसरं. शोधूनही काणी सापडेना. पुढच्या सालचं सगळं बियाणं त्यांनी त्या पट्टीतून घेतलं.

त्या दिवशी जेवण वाढताना त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "भूमच्या शिबिराला मी जाणार हाय."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, बियाणं माझ्या हातात असतं, मग शिकायचं कुणी? आणि सुनेनं रात्री बाहेर राहायचं नाही असं तुम्ही म्हणालात, सासूचं काही म्हणाला नाहीत. मालक खाली मान घालून हसत होते.

मला मात्र हसू आलं नाही. मडकं मी गडगडवलं, बोलणी मी खाल्ली, आणि शिबिराला निघाल्या ह्या! पुढचे कितीतरी दिवस मी भांडी आपटत होते. त्यांना ऐकू येत होतं, पण दाखवत नव्हत्या.

जायच्या दिवशी त्यांचं गाठोडं घेऊन मीच त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, कपाळाला घाम. एकटीनं एसटीत बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. गाडी लांबून दिसली तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"फुगून बसू नगंस," त्या म्हणाल्या. "सासू जाऊन आली म्हणल्यावर सुनेला कोण अडवतंय? पुढल्या साली तू जा."

मी गाठोडं वर दिलं, कंडक्टरनं दार ओढलं, आणि आत्याबाई खिडकीशी बसून दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून नीट पुढं बघत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले. घरात कुणी मला काही विचारलं नाही.