आधी पाणी, बातम्या उद्या

प्रवास करून आलेल्या माणसाला "प्रवास कसा झाला?" असं न विचारणारा मराठी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मावसभाऊ निघाला. दादा गुरांचे डॉक्टर. कत्तलीसाठी बोटीने जाणाऱ्या गुरांबरोबर ते समुद्रावर असायचे, आणि दोन फेऱ्यांच्या मधे इकडे परदेशात, क्लेमेंटीला आमच्या फ्लॅटवर. माझी आई पुण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा विमानभर दाबून ठेवलेल्या बातम्या तिच्या ओठांवर होत्या. तिने तोंड उघडायच्या आत दादांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, पडदे ओढले आणि म्हणाले, "काकू, आधी पाणी. बातम्या उद्या." आई रागाने दिवसभर गप्प बसली, दादांना वाटलं, उपचार लागू पडला. बसचा ब्रेक जरा जोरात लागला की "याच्या हाती मी एक वासरूसुद्धा देणार नाही," असं ते ड्रायव्हरकडे बघत पुटपुटायचे. माझी मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणायची, "मामा सो स्ट्रेंज लाह!"

एकदा न राहवून मी विचारलं, "दादा, शेवटी कापायचीच आहेत ना ती? मग एवढे लाड कशाला?"

"जावईबापू, मरण मला टाळता येत नाही, भीती टाळता येते. बोटीतून उतरलेलं जनावर धास्तावलेलं असतं, उभंच राहतं. त्याला पाणी, चारा आणि दोन दिवस शांतता द्यायची. मग ते बसतं, रवंथ करायला लागतं. तेव्हा समजायचं, त्याचा प्रवास संपला."

मी तेव्हा हसलो होतो. त्याची आज लाज वाटते.

गेल्या वर्षी दादांचा अचानक एका परक्या विमानतळावरून फोन आला. कत्तलखान्याच्या मॅनेजरला गुरं दुसऱ्याच दिवशी कापायची होती. दादा फाटकात आडवे उभे राहिले. शेवटी त्याने दोन दिवस कबूल केले, पण दादांची नोकरी घालवून. "मला परत पाठवताहेत. तो शब्द पाळेल की नाही, कोण जाणे," एवढंच म्हणाले.

घरी आले तेव्हा बायकोने पाणी दिलं, पडदे ओढले. कुणी काही विचारलं नाही. दादांनी मात्र पडदा बाजूला सारला आणि हातात फोन घेऊन खिडकीशी उभे राहिले. जेवलेही तिथेच, उभ्याने, दोन घास. रात्री अंथरूण तसंच राहिलं. आमच्याच्याने ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कत्तलखान्याच्या रखवालदाराने फोटो पाठवला. गुरं पेंढ्यात बसली होती. पुढच्या एका बैलाचे डोळे अर्धे मिटलेले, जबडा रवंथ करताना वाकडा झालेला.

"बसली," दादा म्हणाले.

"दादा, आता तू बस," बायको म्हणाली.

ते बसले. पोह्यांची बशी समोर आली, तर एकेक घास किती तरी वेळ चावत राहिले. बशी रिकामी झाल्यावर हलकेच म्हणाले, "आज जातील."

मी पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला.