कापडाची सून

माझ्या आईला मुलगा नाही आणि मी लग्न केलं नाही. त्यामुळे सासू होणं काही तिच्या नशिबात नव्हतं. तरी आमच्या घरात वर्षभर एक सून नांदली. तिचं डोकं कागदाच्या लगद्याचं होतं, अंगात बांबूची काठी होती, आणि ती मी शिवलेलं पोलकं घालायची. हे ऐकून लोक हसतात. आधी मीही हसायचे.

आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, घाटाच्या रस्त्यावरून थोडं आत. काही वर्षांपूर्वी गावाच्या गायरानावर धरणग्रस्तांची वसाहत झाली. शहापूरकडच्या डोंगरातला त्यांचा पाडा धरणात गेला होता. मधे बरेच दिवस त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं आणि मग आमच्या शेजारी आणून सोडलं. गावाला राग गायरान गेल्याचा, त्यांना सगळंच गेल्याचा. रोज नळावर वाजायचं. आमच्यातल्या बायका त्यांना 'धरणवाल्या' म्हणायच्या, आणि तो शब्द उच्चारताना तोंड वाकडं करायच्या. पाणी जाणार लांबच्या शहरांना आणि झिंज्या उपटायच्या आम्ही एकमेकींच्या, एवढं साधं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

अशात शहरातल्या एका संस्थेनं समाजमंदिरात बाहुल्यांचं शिबिर घेतलं. दोन्हीकडच्या बायकांनी एकत्र बसून बाहुल्या करायच्या आणि शेवटी त्यांचा खेळ करायचा. मी गावात ब्लाऊज शिवते, म्हणून बाहुल्यांचे कपडे माझ्याकडे आले. मशीन उचलून मी समाजमंदिराच्या कोपऱ्यात मांडली. शिकवायला आलेली मुलगी गोड होती, पण ती डोळे मिटून "मनातलं बाहुलीला सांगा" म्हणायची तेव्हा माझं डोकं फिरायचं. घरातली चार कामं टाकून आलेल्या बायका, त्यांना कसलं आलंय मनातलं, असं मला वाटायचं. ते चुकीचंच ठरलं म्हणा.

रद्दी भिजवून, कुटून लगदा करायचा. त्यात डिंक आणि मेथीची पूड घालायची, म्हणजे कीड-उंदीर लागत नाही, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. पण आई कुणाचं ऐकेल तर शपथ. "मेथी कशाला? भाताची खळ घाला, दगडागत होतंय," म्हणाली आणि घरून पातेलंभर खळ करून घेऊन आली. आम्ही भात पिकवणारी माणसं. आमच्याकडे भातानं होत नाही असं काही नसतं.

त्याच पातेल्यातला लगदा वसाहतीतल्या एका बाईनं घेतला. आईच्याच वयाची, काटक, बोलायला अगदी कमी. ती नवरी करत होती. बाकीच्यांच्या दोन-दोन बाहुल्या झाल्या तरी हिचं नवरीचं तोंड घडवणंच चाललेलं. ओल्या अंगठ्यानं गाल चेपायची, लांब धरून बघायची, पुन्हा चेपायची. तिची एकुलती लेक तानशाकडे दिली होती आणि ही माणसं शेडमध्ये राहत होती तेव्हाच ती लेक वारली, एवढं आमच्या कानावर आलं होतं. कशानं, ते कुणी विचारलं नाही.

तोंड वाळल्यावर ती माझ्या मशीनपाशी आली. पदराखालून एक घडी केलेली हिरवी साडी काढली आणि म्हणाली, "याचंच लुगडं कर गो तिला. माझ्या पोरीचीच हाय."

साडीला कात्री लावायच्या आधी मी ती दोनदा उलगडली आणि पुन्हा घडी घातली. इतकी वर्षं कापड कापतेय, असं कधी झालं नव्हतं.

आईनं नवरा केला. मिशा एवढ्या मोठ्या की तोंड दिसेना. खेळात कोणती गोष्ट करायची यावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी सगळ्यांना करता येईल अशी एकच गोष्ट निघाली, लग्न. गाव वरपक्ष, वसाहत वधूपक्ष. मग काय विचारता! आई मानपानावरून रुसली. वसाहतीतल्या बायकांनी "तुमचा नवरा काळा" म्हणून उखाळ्या काढल्या. नळावर भांडायच्या त्याच बायका, तीच तोंडं, पण आता भांडता भांडता हसत होत्या. हळद लावली, अक्षता टाकल्या.

पाठवणीच्या वेळी नवरी करणारी ती बाई रडायला लागली. आधी आम्हाला वाटलं, खेळातलंच आहे. मग तिचा आवाज असा फुटला की बायकांनी हातातल्या बाहुल्या खाली ठेवल्या. "खेळ हाय गो, खेळ हाय," कुणीतरी म्हणालं. तिनं ऐकलं नाही. तिनं नवरी आईच्या मांडीवर ठेवली आणि हात जोडले. "विहीणबाय, पोर अजान हाय. चुकली तं रागवा, पन उपाशी नका ठेवू."

आईनं एरवी थट्टा केली असती. पण ती म्हणाली, "लेकीवानी ठेवीन."

त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींच्या विहिणी झाल्या, आणि दोघींपैकी कुणीही हे हसून म्हणायचं नाही. नवरा संस्थेवाल्यांनी कुठल्याशा प्रदर्शनाला नेला तो नेलाच. विहीणबाई जावयाचं विचारायच्या तेव्हा आई बेधडक सांगायची, "वाशिंदला कंपनीत लागलाय. पास काढलाय, पन घरी यायला टाइम नाय त्याला." सून देवघराशेजारच्या खुंटीला टांगलेली असायची. आई सकाळी दिवा लावला की तिचा पदर नीट करायची. माझ्या अंगावरच्या कपड्यांकडे एवढ्या मायेनं तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला खोटं कशाला बोलायचं, थोडा हेवा वाटायचा. न बोलणारी, न जेवणारी, उलटून उत्तर न देणारी सून कोणत्या सासूला नको असते?

नळावर मात्र फरक पडला. विहिणीचा हंडा अडवायचा कसा? आई स्वतः तिचा नंबर पुढे घ्यायची.

पंचमीला विहीणबाई लेकीला माहेरी न्यायला आल्या. सोबत नाचणीच्या भाकऱ्या आणि रानभाजी. आईनं सुनेची ओटी भरली आणि पाठवून दिली. चार दिवसांनी विहीणबाई लेकीला परत घेऊन आल्या, तर तिच्या हातात हिरव्या बांगड्या. दिवाळीलाही तसंच. प्रत्येक वेळी जाताना विहीणबाईंची मान ताठ असायची. लेक सासरी सुखात आहे, सणाला माहेरी येते, असं चार माणसांत सांगता येणारी बाई जशी चालते, तशी ती रस्त्यानं चालायची.

मग भाताची झोडणी झाली. घरात पोती रचली, जागा उरली नाही, तेव्हा आईनं सुनेला जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून माळ्यावर ठेवलं. शिमगा जवळ आला तसं गाठोडं खाली काढलं. उंदरांनी तोंड खाऊन टाकलं होतं. खळीचा कण न् कण वेचला होता. काठी राहिली, चिंध्या झालेलं हिरवं लुगडं राहिलं आणि अर्धा कान.

आईनं तो अर्धा कान तळहातावर घेतला. मी म्हटलं, "नवीन करू. तशीच करू, मी लुगडं शिवते."

"सून काय बदलून आनायची वस्तू हाय?" ती माझ्यावर खेकसली. मग चिंध्या गोळा करत हळूच म्हणाली, "आनि तोंड कुठून आनू तिचं?"

दोन दिवसांनी विहीणबाई न्यायला आल्या. नवं कोरं पातळ नेसलेल्या. ओसरीवर बसायच्या आधीच सांगितलं की घाटाच्या रस्त्यावर लांब मिळालेल्या जागेत घरकुलाचं काम पुरं झालं, परवाच राहायला गेले. आता पत्रा नाही, स्लॅब आहे. "लेकीला पयल्यांदा घर दावायचा हाय," म्हणाल्या.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप घेऊन दारात उभी. मला वाटलं आता सांगेल. पण आईला ते तोंडातून काढवेना, आणि ज्या खेळात ती वर्षभर राहिली होती त्यातलंच तिला सुचलं.

"या वेळी नाय पाठवत विहीणबाय," ती म्हणाली. "तिला दिवस गेलेत. जीपचे दणके नको."

विहीणबाईंचा चेहरा आधी उजळला. मी पाहिलं ते. मग हळूहळू सगळा उतरला. त्या ओसरीच्या कडेला बसल्या आणि जमिनीकडे बघत बोलायला लागल्या.

"मंग मी नेतेच तिला. पयला बालंतपन माहेरालाच करायचा असतो. माझ्या पोरीला नाय नेता आला मला. निरोप धाडला होता तिनं, आये, न्याया ये. कुठं नेऊ? घर पान्यात गेला, पत्र्याच्या शेडात पावसाचा पानी. बालंतीन कुठं निजवू? मी सांगितला, सासरीच र्‍हा, बाय. ती र्‍हायली. थयाच गेली. ती पन, प्वार पन." त्यांनी आईचा हात धरला. "आता घर हाय मला, विहीणबाय. आता तरी नेऊ द्या."

मी चहाचा कप ओसरीवर ठेवला. आईला माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आई आत गेली आणि गाठोडं घेऊन आली. विहीणबाईंच्या मांडीवर ठेवून तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. "माझ्या घरात झालं हो, माझ्या घरात. मी खोटं बोलली."

विहीणबाईंनी धडपा सोडला. काठीवरून हात फिरवला, लुगड्याच्या चिंध्या सारख्या केल्या. रडल्या नाहीत. मला वाटत होतं त्यांनी रडावं, शिव्या घालाव्यात, काहीतरी करावं. त्यांनी आईचा मारून घेणारा हात खाली धरून ठेवला. "तुमी दावलात तरी," त्या म्हणाल्या. "तिच्या सासरच्यांनी मला तोंड पन नाय दावला. सगला उरकून निरोप दिला."

मग धडपा पुन्हा बांधून त्या उठल्या. आईनं ओटी भरायला तांदूळ आणले, पण ओटी कुणाची भरायची ते तिला कळेना. मुठीत तांदूळ धरून ती तशीच रस्त्यापर्यंत मागे गेली. मीही गेले. जीप येईपर्यंत आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो.

"येत जा हो, विहीणबाय," जीप थांबल्यावर आई म्हणाली.

विहीणबाई गाठोडं मांडीवर घेऊन आत बसल्या. त्यांनी आईकडे बघितलं, रागानं नाही, खरंच काही विचारायचं असल्यासारखं.

"येईन की," त्या म्हणाल्या. "पन आता तुमची कोन म्हनून येऊ?"