आवशीसाठी टाळ्या

देवबागच्या शाळेत एका पुढाऱ्याच्या तरुणपणावरचा जुना सिनेमा दाखवत होते. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. बाजारातून थेट आलेली, मोकळी टोपली मांडीवर घेऊन. आईने वाढलेलं ताट तसंच सोडून पडद्यावरचा तरुण सत्याग्रहाला निघाला, तशी ती पुढे झुकून म्हणाली, "रे झिला, जेवान तरी जा."

सगळे हसले. मीही हसलो.

ती माझ्याकडे वळली. "तो मोठो झालो, ता सगळे सांगतत. त्या दिसा आवस जेवली काय, ता कोण सांगता?"

सिनेमाच्या शेवटी पुढाऱ्याच्या सभेत, गर्दीत मागे उभी असलेली त्याची आई क्षणभर दिसली. म्हातारीने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मग आम्ही सगळ्यांनी वाजवल्या.