काळूरामची सोंड

समजा, सकाळ झाली आहे आणि चहाचं आधण ठेवायच्या आधी तुम्हाला एका माणसाच्या श्वासाची भांडी घासायची आहेत. आधी मशीनची पिन काढायची. डबीतलं रात्रीचं पाणी ओतून द्यायचं. नाकावर बसणारा मऊ मास्क आणि पुरुषभर लांबीची नळी कोमट पाण्यात, साबणाच्या हलक्या फेसात बुडवायची. काथ्या लावायचा नाही, बोटांनीच चोळायचं. मग उन्हात नाही, सावलीत वाळवायचं. बाहेर आषाढ कोसळतोय, घरात पापडसुद्धा मऊ पडलेत आणि संध्याकाळपर्यंत ती नळी आतून कोरडी हवी. कुठे वाळवाल?

राहीने मास्कासकट ती चुलीवर टांगली.

शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचं घर. पावसाळ्यात तिथे सगळं चुलीवरच वाळतं. वर आडवी काठी बांधलेली असते आणि तिच्यावर ओली दुपटी, बियाण्याची कणसं, बोंबलांची माळ. तिच्या सासूने, सकुबाईने, आपल्या लेकाचे, काळूरामचे, लंगोट तिथेच वाळवले होते. आता त्याची नळी लटकली तर तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. नळीला सकुबाई सोंड म्हणायची. "माझा काळू गणपती झालाय," असं शेजारणींना सांगायची.

हे दोन हजार सातचं साल. काळूराम वाशिंदच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचा. त्याचं घोरणं आळीला पाठ होतं. पण घोरता घोरता तो मध्येच गप्प व्हायचा, आणि श्वास परत येईपर्यंत राहीचाही अडकून राहायचा. दिवसा त्याला डुलक्या यायच्या. एकदा क्रेनवरच डोळा लागला आणि लोखंडाचा गठ्ठा एका कामगाराच्या डोक्याजवळून झुलत गेला. लागलं कोणालाच नाही, पण कंपनीने त्याला खाली गोदामात बसवलं. कल्याणला झोपेची तपासणी झाली, आणि रात्रभर नाकात जोराने हवा सोडून श्वास अडू न देणारं मशीन आलं. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, गणपतीनंतर पुन्हा बघू. दिवसभर तरतरीत राहिलास तर क्रेन, नाहीतर गोदामच.

सुरुवातीला मशीनने चांगली साथ दिली. पाऊस लागला तसं बिनसलं. काळूराम झोपेत मास्क ओरबाडून काढायचा, सकाळी कपाळ धरून बसायचा.

"डोकं दगड झालंय. धुतेस ना गो नीट?"

"तुमच्या तोंडापेक्षा जास्त धुते."

बोलली तशी, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ती आणखी चोळायला लागली, आणि ओल राहू नये म्हणून काठी आणखी खाली, जाळाजवळ बांधली. काळूरामचं डोकं आणखी जड झालं. गणपती जवळ येत होते.

मशीन विकणाऱ्यांकडची मिताली नावाची मुलगी बाजाराच्या दिवशी शहापूरच्या एका दवाखान्यात बसायची. राही मास्क, नळी आणि मशीनची हवा गाळणारी जाळी स्टीलच्या डब्यात घालून तिच्याकडे गेली.

मितालीने झाकण उघडलं आणि नाक मागे घेतलं. "वहिनी, भाऊ झोपेत जेवतात काय? बोंबलाचा वास येतोय."

राही हसली नाही. "चुलीवर वाळवलाय. आमी पावसात दुसरीकडे कुठं वाळवणार?"

मितालीने मास्क ट्यूबलाइटसमोर धरला. पुढच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं होती. निम्म्यांतून उजेडच येत नव्हता.

"ही भोकं कशाला असतात, माहीत आहे?"

"हवा फुकट जाते तिथून. काजळीनं बुजली तेव्हा म्हटलं, बरंच झालं."

"फुकट नाय जात, वहिनी. सोडलेला श्वास तिथून बाहेर पडतो. भोकं बुजली की तोच शिळा श्वास ते परत ओढतात. म्हणून डोकं जड."

लग्न झाल्यापासून राहीने नवऱ्याला शिळी भाकर वाढली नव्हती.

मास्कच्या कडा शेकून कडक झाल्या होत्या, जाळी धुराने काळी पडली होती. दोन्ही नवीन घेतली, नळीसुद्धा. मितालीने वाळवायची रीत दाखवली. पाणी झटकायचं, चुलीपासून लांब खुंटीवर नळी मधोमध अडकवायची, दोन्ही तोंडं खाली. तरी ओल राहिली तर नुसती नळी मशीनला जोडून थोडी हवा सोडायची.

घरी आल्यावर सकुबाई म्हणाली, "सोंड आता ओटीवर? पाव्हणे काय म्हणतील?"

"म्हणू दे. तुमी खुंटीवर छत्री लावू नका म्हणजे झालं."

काळूरामचं डोकं हलकं झालं. गणपती गेले, डॉक्टरांनी तपासलं, काळूराम पुन्हा क्रेनवर चढला.

राहीची झोप मात्र गेली ती गेलीच. आधी घोरण्यावरून कळायचं की हा आहे. आता काहीच ऐकू येत नाही. ती उठते आणि मास्कच्या त्या भोकांसमोर तळहात धरते. हवा लागली की आडवी होते. त्यात गावातली लाइट सांगून जात नाही. मितालीला तिने विचारलं होतं. ती म्हणाली, "लाइट गेली की मास्क काढून टाकायचा. हवेचा जोर थांबला की माणूस बहुतेक आपोआप जागा होतो."

त्या 'बहुतेक'वर राही अजून अडली आहे. स्वतःचा श्वास थांबला तरी इतकी वर्षं जो जागा झाला नाही, तो मशीनचा थांबल्यावर कसा होईल?