वीतभर खाली

उपग्रहाचं सौर पॅनेल उघडायची चाचणी आज झाली. अंतराळात त्याला वजन नसणार, म्हणून इथे ते वरून दोऱ्यांनी तोलून धरतात. घड्या सावकाश उलगडत होत्या, तेव्हा माझं लक्ष शेजारच्या वैदेहीकडे गेलं. पॅनेलला हात लावायला सक्त मनाई. तरी तिचे दोन्ही तळहात त्याच्या वीतभर खाली उघडे होते. दुसरं कुणी भरलेलं पातेलं उतरवत असताना आपण धरतो, तसे.

“पडणार होतं का गं ते?” मी हळूच विचारलं.

“कळलंच नाही मला,” म्हणत तिने हात खिशात घातले.

पॅनेल पूर्ण उघडलं. साहेब म्हणाले, “चला, तयार आहे.”

असेलही. पण तेव्हापासून मला चैन नाही. हे पॅनेल आजवर जेव्हा जेव्हा उघडलं, तेव्हा आम्ही ते धरलेलं होतं. दोऱ्यांशिवाय ते पहिल्यांदा उघडेल ते थेट वरच. नाही उघडलं, तर उपग्रहाला वीज नाही. काय बिघडलं हे सांगायलाही नाही.

निघताना पुन्हा हॉलमध्ये डोकावले. पॅनेल मिटवत होते. मी लांब, काचेच्या बाहेर उभी होते, आणि माझे तळहात वर झालेले होते.