जुनी डिस्क अजून फिरते आहे

रफीकभाईंचा फोन आला तेव्हा मी अर्धापूरला, माझ्या शाळेत, सहावीच्या वर्गावर होते. लातूरला नागूच्या खोलीखाली त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते मला सहसा फोन करत नसत. "ताई, नागूभैयाला गाडीची धडक बसली. तुम्ही निघा," ते म्हणाले. मी विचारलं, बोलतोय का तो? ते पुन्हा एवढंच म्हणाले, "तुम्ही निघा..." आणि मला कळलं. नांदेडला घरी येऊन अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, गाडीत बसवलं आणि लातूरपर्यंतच्या सबंध रस्त्यात तिला सांगत राहिले की पायाला लागलंय, फक्त पायाला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग तू रडून कशाला राहिलीस?"

नागनाथ माझा धाकटा भाऊ. आमचं मूळ उदगीरकडचं, त्यामुळे घरात आई ती अव्वा, वडील ते अप्पा आणि मी अक्का. लहानपणी दिवेलागणीला हा भिंतींना, खाटेला, पाण्याच्या घागरीला धडकायचा आणि अप्पा त्याला धांदरट म्हणायचे. तो धांदरट नव्हता, त्याला अंधारात दिसत नव्हतं. पुढे उजेडातलंही दिसेनासं झालं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हात धरून पोचवावं लागलं आणि शेवटच्या वर्षाला सगळंच संपलं होतं. हैदराबादच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा आजार डोळ्यांवर थांबेल असं नाही, पुढेमागे कानही जाऊ शकतात. परतीच्या गाडीत नागूच बोलला, "कान हायत तोवर कान वापरू, अक्का." त्यानंतर आमच्या घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. इतका भयंकर विषय होता की जणू नाव घेतलं तर येईल.

आणि त्याने कान वापरले, अगदी पुरेपूर वापरले. लातूरला खोली घेऊन तो रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिरातींचं रेकॉर्डिंग करू लागला. साड्यांचा सेल, नवीन दवाखाना, केळीची रोपं, सप्ताहाचं निमंत्रण. कुणाचातरी आवाज घ्यायचा, त्यातला श्वास, खोकला, मागून गेलेली मोटरसायकल काढून टाकायची, मागे सनई नाहीतर ढोलकी भरायची. हे सगळं तो कॉम्प्युटरवर करायचा, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून. त्यात एक बाई बोलते. नागू तिचा वेग इतका वाढवून ठेवायचा की आम्हाला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, नुसती पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखी तडतड. अव्वा तिला सून म्हणायची. "माझी सून बोलती लई, पर स्वयंपाक करंना," असं शेजारणींना सांगायची. लग्नाचा विषय आम्ही असा हसण्यावारी नेऊन कधीच संपवला होता.

त्याचा कॉम्प्युटर मात्र जुनाट होता. बटण दाबलं की नागू डावा तळहात त्या डब्यावर, कॅबिनेटवर, ठेवून बसायचा. आत हार्ड डिस्क फिरायला लागली की पत्र्याला बारीक थरथर यायची, घरघर ऐकू यायची, मग तो म्हणायचा, "चालू हाय." त्यानंतर सून बोलेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. डोळस माणसाला पडद्यावर गोल फिरणारं चिन्ह तरी दिसतं. याच्यापुढे नुसती शांतता. एखादी फाइल उघडायला सांगितली की पुन्हा शांतता. मशीन विचारात पडलंय की मेलंय, हे त्याला फक्त हाताने कळायचं. मला तर ते बघवत नसे. मनात यायचं, याच्या कानांना ठरलेला वेळ मिळालाय आणि त्यातला अर्धा हे डबडं खाऊन राहिलंय!

म्हणून मीच हट्टाने रफीकभाईंना वर बोलावलं. ते म्हणाले, मशीन ठीक आहे, डिस्क म्हातारी झालीय. एसएसडी टाका. त्यात फिरणारं काही नसतं, चकती नाही, सुई नाही, पटकन चालू होतं. जुन्यातलं जसंच्या तसं नव्यात उतरवून देतो, भैयाची बोलणारी बाईसुद्धा तशीच येईल. नागू कुरकुरला, पण मी ऐकलं नाही. रफीकभाईंनी कॅबिनेट खाली नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून जोडलं. बटण दाबलं. नागूने सवयीने डावा हात डब्यावर ठेवला. मी खुर्ची पुढे ओढते न ओढते तोच त्याने कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये बाई बोलायला लागली होती. मी टाळी वाजवली. मला वाटलं होतं, हा उडी मारेल... त्याचा चेहरा पडला होता.

"अक्का, हे चालू हाय का?"

"अरे बोलली ना ती!"

"बोलली. पर हाताला काय लागंना."

रफीकभाईंनी जुनी डिस्क पुसून पिशवीत टाकली होती. नागू म्हणाला, ती पुन्हा आत लावा. ते हसले. म्हणाले, भैया, तिच्यात आता काहीच नाही, नुसती फिरत राहील. नागू म्हणाला, "हाव. नुसती फिरू द्या." रिकामी डिस्क थोड्या वेळाने आपोआप थांबते, तर ती थांबू नये अशीही सेटिंग त्याने करून घेतली. मी वैतागले. नवं घेऊन दिलं तर याला जुन्याचीच घरघर हवी! नांदेडला येऊन अव्वाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आसू दे, त्याला सवय हाय." आम्ही दोघी हसलो. त्याने आवाज म्हटलं नव्हतं, हाताला म्हटलं होतं. हे मला आज कळतंय.

लोक मला म्हणतात की तुला समजायला हवं होतं. मी ते मानत नाही. ज्याला लपवायचंच आहे त्याच्यापुढे कुणाचं काय चालतं? आणि नागू लपवण्यात पक्का लबाड होता. मग म्हणू लागला की फोन करू नकोस, कामात खोळंबा होतो, जे सांगायचं ते रेकॉर्ड करून पाठव. मी पाठवायचे. तोही उत्तर पाठवायचा, खुशालीचं, थट्टामस्करीने भरलेलं, एकही मुद्दा न चुकता. मला काय ठाऊक की एकेक वाक्य तो किती वेळा लावून ऐकत होता. दिवाळीत घरी आला तो अखंड बोलत होता. आम्हाला तोंड उघडू देईना. हिमायतनगरच्या कुण्या गिऱ्हाइकाची गोष्ट, रफीकभाईंच्या बिर्याणीची गोष्ट... अव्वा म्हणाली, "आता गप जरा, माझं पण ऐक." तो हसून तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला आणि तिचा हात घेऊन आपल्या गालावर ठेवला. ती बोलत राहिली. तिच्या बोलण्यातलं त्याला काय पोचलं असेल? ती आमची शेवटची भेट.

त्याला धडकलेली गाडी बॅटरीवरची रिक्षा होती. खोलीपासून हाकेच्या अंतरावर, रोजच्या वाटेवर, पांढरी काठी हातात. रिक्षावाला पंचविशीचा असेल. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून सारखा एकच सांगत होता, "मी हॉर्न दिला हो, लई वेळ दिला. ते थांबलेच न्हाईत." जमलेले लोक म्हणत होते, या गाड्यांना आवाजच नसतो, आंधळ्या माणसाला कळणार कसं? अव्वाने तेच बोलणं धरून ठेवलं. आमच्यात देह बसवून माती देतात. जंगमांनी, आमच्या गुरूंनी, नागूच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, कपाळाला विभूती लावली, तेव्हाही अव्वा रडत नव्हती, त्या पोराला शिव्याशाप देत होती. "खोटं बोलून राहिला मेला. हॉर्न वाजला असता तर माझं लेकरू थांबलं असतं. त्याचे कान लई तिखट हायत." त्या रागावरच ती जेवत होती, उठत होती, बसत होती. मलाही तोच राग धरून उभं राहता आलं. पोलिसांनी माझा जबाब घ्यायला बोलावलं होतं, आणि मी काय सांगायचं ते ठरलेलं होतं. माझ्या भावाला दिसत नव्हतं, पण ऐकू उत्तम येत होतं, हॉर्न वाजलाच नाही.

जबाबाच्या आधीच्या रविवारी मी त्याचं सामान नांदेडला आणलं. कपडे थोडेच होते. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत टेबलावर मांडला. हेडफोन कुठल्यातरी गाठोड्यात राहिला होता, म्हणून माझ्या शाळेच्या कामाचे छोटे स्पीकर जोडले. मला फक्त त्याच्या आवाजातलं काहीतरी शोधायचं होतं, एखादं जुनं रेकॉर्डिंग, काहीही. अव्वा आत कुकर लावत होती. मी बटण दाबलं.

सून किंचाळली. दुसरा शब्द नाही त्याला. टेबल हादरलं, खिडकीची काच हादरली, समोरच्या घरातला माणूस दारात आला. आणि ती तडतड बोलत नव्हती. एकेक शब्द सुटा, लांबवून, ठार बहिऱ्या म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगावं तसं बोलत होती. मी स्पीकरची वायर उपटली. घरात एकदम सुनसान झालं. अव्वा ओले हात घेऊन दारात उभी होती.

"सून एवढ्या मोठ्यानं का बोलून राहिली?"

तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "एवढं मोठ्यानं ऐकायचा?" मी मान हलवली. ती तिथेच उंबऱ्यावर बसली. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, कुणी उठलं नाही. शेवटी ती म्हणाली, "मग त्या पोरानं हॉर्न दिलाच आसंल." नागू गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. राग होता तोवर आमच्याकडे काहीतरी होतं. आता काहीच उरलं नव्हतं. हा एकटा, त्या खोलीत, आधी आवाज वाढवत गेला असेल, मग वेग कमी करत गेला असेल, आणि आवाजाचा काटा शेवटाला टेकल्यावर काय केलं असेल त्याने? कुणाला हाक मारली असेल? आम्हाला तर नाही मारली. मेल्या, तुझं काय बिघडलं असतं आम्हाला सांगितलं असतंस तर?

मंगळवारी लातूरला जाऊन जबाब दिला की माझ्या भावाला ऐकू येत नव्हतं. लिहून घेणाऱ्याने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. रिक्षावाला बाहेर बाकावर बसला होता. त्याला सांगितलं तर तो माझ्या पाया पडायला लागला. मी त्याला उठवलं. मला तो चांगला वाटला नाही, वाईटही वाटला नाही, मला त्या वेळी काहीच वाटत नव्हतं.

कॉम्प्युटर त्या रविवारपासून चालूच आहे. मी रफीकभाईंना फोनवर विचारलं होतं, आतून मधूनच टिक-टिक येतं ते काय? ते म्हणाले, ताई, ती जुनी डिस्क, जायला आलीय. काढून टाका, तिच्यात काही नाही, तुमचं सगळं नव्यात आहे. मी विचारलं, आणि चालू राहू दिली तर? ते म्हणाले, चालेल तेवढी चालेल, पण अशी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं सांगता येत नाही. तेव्हापासून मी तो बंद केलेला नाही. खाली बॅटरीचा डबा आणून ठेवलाय. नांदेडची वीज गेली की तो टीं-टीं करायला लागतो. मी शाळेतून रोज अव्वाला फोन करते, वीज आहे का? मी काय विचारतेय ते ती समजून असते. आधी पुढच्या खोलीत जाते, डावा हात डब्यावर ठेवते, आणि मग फोनवर मला सांगते, "चालू हाय."